वाढत्या अंगाचा

दत्तकाच्या चौकशीला आलेल्या अधिकारी बाईंनी नवा पलंग हाताने हलवून पाहिला, गादी दाबली आणि विचारलं, "इतका बुटका का केलात?"

"रात्री उठताना पडायला नको म्हणून," नवरा म्हणाला. तो सुतार होता. पलंग त्यानेच केला होता आणि टेबलाचे कोपरेही घासून गोल केले होते. घरात अजून भुशाचा वास होता.

बाई मान डोलवत स्वयंपाकघरात आल्या. तिथे ती उभी होती. सकाळपासून तिने ओटा इतक्यांदा पुसला होता की फडकं हातात विरायचं बाकी होतं. परक्या देशात येऊन बरीच वर्षं झाली, तरी सरकारी माणूस दारात आला की ती हाताला लागेल ते पुसत सुटायची.

"मुलांना कल्पना दिलीये?"

"दिलीये की. आता शेजारी कोण झोपणार यावरून रोज भांडणं."

"मीच झोपणार! हा लाथा मारतो!" थोरली दाराआडून ओरडली.

"नाही मारत!" असं म्हणून धाकट्याने तिला एक लाथ हाणली.

बाई हसल्या. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "एक विचारू? नवरा चांगला आहे, दोन गोड मुलं आहेत. भरलेलं घर आहे. मग हे कशासाठी? काय कमी आहे तुम्हाला?"

उत्तर तिने घोकून ठेवलं होतं, पण ऐन वेळी त्यातलं एक अक्षर आठवेना.

"मी अनाथाश्रमात वाढले," ती म्हणाली. "रविवारी लोक मुलं बघायला यायचे. आम्हाला तेल लावून, वेण्या घालून रांगेत बसवायचे. मी एक गाणं पाठ केलं होतं. कुणी विचारलंच तर म्हणायला."

"मग?"

"कुणी विचारलं नाही. कपडेही तसेच, कुणाचे तरी उतरलेले. माझ्या बाह्या कायम आखूड." ती ओशाळून हसली. "ते सगळं राहूनच गेलं बघा. तेवढंच कमी आहे."

बाईंनी ते लिहून घेतलं. निघताना म्हणाल्या, "मी चांगलंच लिहीन. पण न्यायाधीश काय म्हणतील, सांगता येत नाही. अशी प्रकरणं फारशी येत नाहीत आमच्याकडे."

त्या रात्री तिने आपलं ताट तसंच झाकून ठेवलं. पुन्हा कुणीतरी बघून गेलं होतं. पुन्हा पुढे काहीच झालं नाही तर?

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत ती कामाला होती. चादरीची दोन टोकं तिने धरायची, दोन सोबतिणीने. ताणायची, एकमेकींकडे चालत यायचं, घडी घालायची, मागे सरायचं. गप्पाही तशाच, जवळ आलं की मारायच्या.

"मुलगा की मुलगी?" सोबतीण एकदा जवळ आली तेव्हा म्हणाली.

"मुलगी."

"तान्ही?"

"छे गं. चांगली मोठी आहे."

"मोठ्यांचं अवघड असतं हो," पुढच्या चादरीला सोबतीण म्हणाली. "लवकर लळा लागत नाही त्यांना."

"त्याची काळजी नाही. लळा केव्हाच लागलाय."

कामावरून सुटली की ती मुलांना आणायला शेजारच्या आजींकडे जायची. आजी पूर्वी नर्स होत्या. त्यांचे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात थोरली तापाने फणफणली होती, तेव्हा न बोलावता घरात शिरल्या आणि पोरीबरोबर तिच्या घाबरलेल्या आईलाही औषध पाजावं तसा गरम चहा पाजून गेल्या. तेव्हापासून दोन्ही घरांची दारं उघडीच असायची.

सध्या आजी पिवळा स्वेटर विणत होत्या. चार बोटं विणायच्या, मनासारखं झालं नाही की उसवायच्या.

धाकटा त्या अर्ध्या स्वेटरवर आडवा पडला. "आजी, हा तर केवढा मोठा!"

"असू दे. वाढत्या अंगाचा विणतेय. उठ आधी, सुया मोडशील."

ती उंबऱ्यावरच बसली. "आजी, नाही म्हणाले तर?"

"तर पुन्हा विचारू. मी काय इतक्यात मरायला टेकलेय?" आजींनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि रडू नकोस. माझे टाके चुकतात."

न्यायालयात जायच्या दिवशी तिने थोरलीला तेल लावून वेणी घातली. वेळ उरला, म्हणून मग स्वतःचीही घातली. आजी तिच्या दंडाला धरून पायऱ्या चढल्या, तरी विणकामाची पिशवी काही नवऱ्याच्या हातात देईनात.

खोली लहानशीच होती. आजींना पुढच्या खुर्चीत बसवलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. बाकीचे मागच्या बाकावर बसले. धाकटा आईच्या मांडीवर होता.

न्यायाधीश अधिकारी बाईंचा अहवाल सावकाश वाचत होते. एकदा चष्मा पुसून त्यांनी एक पान परत वाचलं. तिच्या डोक्यात ते जुनं गाणं सुरू झालं होतं, पहिली ओळ संपली की पुन्हा पहिलीच. नवऱ्याने तिचा हात घट्ट धरला.

"मी बरीच वर्षं या खुर्चीत आहे," न्यायाधीश शेवटी म्हणाले, "पण असं पहिल्यांदाच पाहतोय. माझी हरकत नाही. मंजूर." त्यांनी सही केली आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "आता मुलीला तिच्या आईजवळ बसू द्या."

तिने धाकट्याला नवऱ्याच्या मांडीवर दिलं, उठली, आणि पुढे जाऊन त्या रिकाम्या खुर्चीत बसली. आजींनी पिशवीतून पिवळा स्वेटर काढला, वेणी सांभाळत तिच्या डोक्यातून घातला आणि हात धरून बाह्या खाली ओढल्या. त्या पार तिच्या बोटांपर्यंत आल्या.

"असू दे," आजी म्हणाल्या. "वाढत्या अंगाचा आहे."