मिठाच्या पाण्यातली सुई

बायकोच्या आजारपणात तिच्या मेंदूत बसवलेली सुई ती गेल्यावर त्याच्याकडेच परत आली. त्यानंच घडवलेली, केसाएवढी. टोकाला आनंदाचं रसायन ओळखणारं विकर, म्हणजे एन्झाइम.

"भावोजी, विकर कधीच मेलं असेल. टाकून द्या," त्याच्याच प्रयोगशाळेत काम करणारी मेहुणी म्हणाली.

त्यानं सुई मिठाच्या पाण्यात ठेवून पडद्याला जोडली. पडद्यावरची रेघ सपाटच होती. पण नोंदीत दिसायचं, तो जिना चढू लागला की रेघही चढायची, बायको असताना चढायची तशीच.

"हत्तीसारखे येता, टेबल हलत असेल," मेहुणी हसली.

म्हणून आज तो सुईसमोरून उठलाच नाही.

रेघ चढली. जिन्यावर त्याचीच जड पावलं वाजली आणि दाराशी थांबली.

"भावोजी, उघडू नका," शेजारी उभी मेहुणी कुजबुजली.

पण बायको कुणाला बघून एवढी खूश होते, ते त्याला बघायचंच होतं.