बिनकाट्याचा डबा

बशीत काटे मांडून ठेवले होते. मोठे वर, बारीक खाली. शेजारी फूटपट्टी आणि दुकानातून आणलेल्या माशाचा उघडलेला पत्र्याचा डबा. नवऱ्याने तिन्हींचा मिळून फोटो काढला. तो धूसर आला म्हणून परत काढला.

“आधी जेवून घ्या,” ती म्हणाली.

तिचा उजवा हात पंजापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. आठवडाभर शेजारणीने रांधून पाठवलं. आज शेजारीण बाहेरगावी, म्हणून डबा त्याने उघडला. अख्ख्या संसारात पहिल्यांदा. उघडला, थेट ताटात उपडा केला, आणि दुसऱ्याच घासाला तोंडातून काटा काढून दिव्यासमोर धरला.

“जेवून काय घ्या? उद्या कोणाच्या घशात अडकला म्हणजे?”

“अहो, त्यात काटे असतातच.”

“असतातच म्हणे. इतकी वर्षं खातोय मी हा मासा. एक काटा लागला नाही कधी. माल बदललाय त्यांनी, दुसरं काही नाही.”

इतकी वर्षं तिने ओट्यापाशी, त्याच्याकडे पाठ करून, अंगठ्याच्या नखाने तुकडा मधोमध फोडायचा, कणा अलगद उचलायचा, मग केसासारखे बारीक काटे बोटांनी चाचपून एकेक वेचायचे. लग्न नवीन होतं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “त्याला काट्याचं चालत नाही हो, तेवढं बघ.” तेवढं ती बघत आली होती. आता सांगायचं म्हणजे केलेलं बोलून दाखवल्यासारखं व्हायचं. त्याच्या आपणहून ध्यानात यावं, एवढंच तिला हवं होतं. हात मोडला तरी येत नव्हतं. आणखी काय काय मोडून घ्यायचं, हे तिला कळेना.

त्याने डब्यावरचा तक्रारीचा नंबर लावला. नोकरीभर ऑडिटमध्ये दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढलेल्या माणसाला असा नंबर म्हणजे पर्वणीच. फोन अर्थातच स्पीकरवर. त्याचे सगळे फोन सगळ्या घराला ऐकावे लागत. बराच वेळ बासरी वाजली, मग एक मुलगी बोलली. आवाज कोवळा होता आणि दमलेला.

“बोला सर, काय तक्रार आहे?”

“काटे निघालेत तुमच्या डब्यात. फोटो आहेत माझ्याकडे. पट्टी लावून काढलेत.”

“सर, काटे असणारच. डब्याच्या मागे लिहिलंय बघा, काट्यांसह म्हणून.”

त्याने चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि डबा लांब धरला. लिहिलेलं होतं.

“हे कोणी वाचायचं? मुंगीने?”

“सर, मासा भरून, डबा बंद करून मग वाफेच्या दाबावर शिजवतात. त्यात काटे मऊ होतात. एखादा चिमटीत धरून दाबून बघा ना.”

त्याने बशीतला सगळ्यात मोठा उचलला आणि दाबला. खडूसारखा त्याचा भुगा झाला. ती टेबलाच्या पलीकडून बघतच राहिली. वेचायच्या नादात एखादा दाबून बघायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

“झाला ना भुगा?” मुलीने विचारलं. ही शांतता तिच्या ओळखीची असावी. “खाल्ले तरी चालतात, सर. उलट चांगलेच. हाडांना कॅल्शियम मिळतं.”

बायको एकदम हसली. हसताना प्लास्टर टेबलाच्या कडेवर आपटलं आणि कळ खांद्यापर्यंत गेली. पडलात ते निमित्त, हाडं आधीच आतून पोकळ झालीत, असं डॉक्टर म्हणाले होते.

“ते राहू द्या,” नवरा म्हणाला. भुगा झाला म्हणून तो काही हटणाऱ्यातला नव्हता. “माझा मुद्दा वेगळा आहे. आधी काटे नसायचे. आता कुठून आले?”

“आधीपण असायचेच, सर.”

“नसायचे. मी खातोय की तुम्ही खाताय?”

मुलगी म्हणाली, “मग घरात कोणीतरी काढून देत असेल.”

नवऱ्याने मान वर केली. बायकोकडे पाहिलं. तिच्या प्लास्टरकडे पाहिलं. परत तिच्याकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही. आता बोलेल, तिला वाटलं. आता तरी.

“अगं, पण काढत कशाला बसायचीस?” तो म्हणाला. “मऊ असतात, ही म्हणतेय ना. उगाच इतका वेळ वाया घालवलास.”



“मग सर, तक्रार रद्द करू ना?” मुलीच्या मागे दुसरे फोन वाजत होते.

“करून टाका.”

बायकोने डाव्या हाताने खुर्ची पुढे ओढली आणि फोनवर वाकली.

“थांब गं बाई. तक्रार राहू दे. नाव तेवढं बदलून माझं लिही.”

“बदलते, मॅडम. कशाबद्दल लिहू?”

“सांगते. जरा लांबेल. चालेल ना तुला?”

पलीकडे खुर्ची करकरल्याचा आवाज आला. “चालेल. बोला तुम्ही.”

नवऱ्याने स्पीकर बंद करायला हात पुढे केला. बोट बटणापर्यंत नेलं. मग हात मागे घेतला, ताट बाजूला सारलं आणि ऐकायला बसला.