चपलांचे बारा जोड

कॉम्प्युटर लॅबच्या दाराशी चपलांचे बारा जोड दिसले, तेव्हा चौगुलेबाईंचा जीव भांड्यात पडला. सगळी शाळा आता मेंदूतल्या चिपवर शिकायची. एकट्या हर्षालीला ती चिप मानवली नव्हती, म्हणून बाईंनी तिच्यासाठी भंगारातून कीबोर्डवाले बारा कॉम्प्युटर जुळवले होते. सोबतीला चार पोरं येतील, ही आशा.

आत हर्षाली एकटीच टाइप करत बसली होती.

“बाकीची कुठं गेली गं?”

“कुणी आलंच नाही, बाई. जुन्या चपला मी घराघरांतून मागून आणल्या आणि दारात मांडल्या.”

“कशाला?”

“एकच जोड दिसला की पोरं थांबून बघतात.”

“हसतात तुला?”

“हसत असतील. आपसांत, चिपमधून. मला कुठं ऐकू येतं?”