यादीतलं नाव

“झेरॉक्स चालणार नाही,” खिडकीमागचा कारकून म्हणाला. “मूळ कागद लागेल.”

“काल तुम्हीच झेरॉक्स आणा म्हणालात.”

“काल साहेब वेगळे होते.”

बाईंनी पिशवी उघडली. त्या शाळेत चित्रकला शिकवत, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. वादळाला आज पाच दिवस झाले होते. निम्म्या शहरात दिवे आले होते, त्यांच्या गल्लीत नव्हते. वीज कार्यालयाची ही त्यांची तिसरी फेरी.

सोमवारी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी सरळच सांगितलं होतं, “आमच्याकडे ऑक्सिजनच्या मशीनवरचा पेशंट आहे. आमची लाइन आधी जोडा.”

“तातडीच्या यादीत नाव आहे?”

“नसेल तर?”

“नवा अर्ज. घरी येऊन पाहणी. पंधरा दिवस धरून चाला.”

मग पिशवीतून त्यांनी वडिलांचा अर्ज काढला होता. त्याच यादीसाठी दोन वर्षांपूर्वी दिलेला, शिक्क्यासकट.

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. वेळेच्या आधी तयार असणं हा त्यांचा धर्मच. खणाखणात टॉर्च, पलंगाखाली पाण्याचे कॅन, माळ्यावर सुका खाऊ, प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून अर्धा दिवस घराची तालीम. तपासायच्या वह्यांचा ढीग समोर असताना वडील म्हणायचे, “समज, आठ दिवस वीज नाही. काय करशील?” बाई म्हणायच्या, “डोकं फोडून घेईन.” त्या तयारीचा त्यांना वीट आला होता. या अर्जाच्याही तीन प्रती त्यांच्याकडूनच लिहून घेतलेल्या, तेव्हा भांडण झालं होतं.

सोमवारी कारकुनाने वीजबिल मागितलं. मंगळवारी डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. त्यासाठी बाई दिवे आलेल्या भागापर्यंत तासभर चालत गेल्या होत्या. आणि आता हे.

त्यांनी मूळ चिठ्ठी खिडकीतून आत सरकवली. “ही घ्या. आता अजून काय? जन्मपत्रिका आणू?”

“चिडू नका, बाई. आमच्या हातात काही नसतं.”

“हातात नसतं तर खिडकी कशाला उघडता?”

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. कारकुनाने चष्मा पुसला आणि कागद वाचायला घेतला. “वय एक्क्याऐंशी. मग मशीन सध्या कशावर चालतंय?”

“गाडीच्या बॅटऱ्यांवर. वडिलांनी आधीच जोडणी करून ठेवली होती. बाकीच्या संपल्या. शेवटची आज दुपारपर्यंत ओढेल.”

“दवाखान्यात का नाही हलवत?”

“पूल वाहून गेलाय. होडीत मशीन चालवू?”

“वडिलांना फार त्रास होतोय का?”

“त्यांची काही तक्रार नाही,” बाई म्हणाल्या.

कारकून चिठ्ठीच्या मागची बाजू बघत होता. तिथे वडिलांनी बारीक अक्षरात बॅटरीच्या जोडणीची आकृती काढली होती. “इतका विचार केलेला माणूस मी पहिल्यांदा बघतोय. असा एक माणूस घरोघरी हवा. एकदा भेटायला हवं त्यांना.”

बाईंनी मान फिरवली. बाहेर पडलेल्या झाडाच्या फांद्या तोडत होते, तिकडे बघत राहिल्या.

“आता फक्त हमीपत्र,” कारकून म्हणाला. “रुग्ण तिथेच आहे असं तुमच्या अक्षरात.”

पेन हातात घेऊन बाई बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या. रांग कुरकुरायला लागली. शेवटी त्यांनी लिहिलं: ‘या खांबावरून येणाऱ्या विजेवर एक जीव जगतो आहे.’ खाली सही केली.

“भाषा जरा शाळेतली झाली,” कारकून म्हणाला, पण त्याने शिक्का मारला.

वायरमन बरोबरच निघाला. वाटेत बाई त्याला घाई करत होत्या, तो म्हणत होता, “ताई, पाय दोनच आहेत.” गल्लीच्या तोंडाशी तो खांबावर चढला. बाई मान वर करून खाली उभ्या राहिल्या, आणि एवढा वेळ कसा लागतो म्हणून मनातल्या मनात त्याला शिव्या घालत राहिल्या. दीडच्या सुमाराला त्याने वरूनच हात हलवला. घराघरातून पंखे फिरल्याचा आवाज आला.

तो खाली उतरला. “पेशंटला बघून सही घ्यायची आहे. साहेबांनी बजावलंय.”

“चला,” बाई म्हणाल्या.

त्या स्वतःच्या दारावरून पुढे गेल्या आणि शेजारचं दार लोटलं. आत तरुण शेजारीण जमिनीवर बसली होती. पाच रात्री जागून तिचे डोळे तांबारले होते. तिच्या शेजारी मशीन एका लयीत घरघरत होतं. वडिलांच्या बॅटरीची वायर तिने नुकतीच काढून ठेवलेली. मांडीवर तिची सहा महिन्यांची मुलगी झोपली होती, नाकाला बारीक नळी लावलेली. तिची छाती भरभर खालीवर होत होती.

“चालू झालं, ताई,” शेजारीण म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

वायरमनने बाळाकडे पाहिलं. मग हातातल्या कागदाकडे.

“यावर तर वय एक्क्याऐंशी लिहिलंय.”

“ते माझे वडील,” बाई म्हणाल्या. “रविवारी गेले. यादीत नाव फक्त त्यांचंच होतं.”