तक्रारीचा मसुदा

तत्त्वासाठी प्राण देणारे वीर महाराष्ट्राने पुष्कळ दिले. लोणच्यासाठी दात देणारा मात्र बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्यात निघाला. कारखान्याच्या कँटीनमध्ये तासगावकरांनी लोणचं मागितलं आणि बेलसऱ्यांनी स्टीलचा डबा त्यांच्या तोंडावर हाणला. का, ते बेलसऱ्यांनाही सांगता येईना. दोन दात सांबारात पडले.

"तक्रार लेखी द्या, इंग्रजीत," मॅनेजर गौडा म्हणाले. खात्यातले सगळे इंग्रजी मसुदे बेलसरेच लिहीत. तोंडाला रक्ताळलेला टॉवेल धरून तासगावकर सवयीने त्यांच्याच टेबलाशी गेले.

"'विदाउट एनी प्रोव्होकेशन' घाला. त्याशिवाय तुम्हाला काढणार नाहीत."

"कानावर पडलं की घालायचं, असं नसतं. तुम्ही मला डिवचलं असेल, तर ते चूक ठरेल." बेलसऱ्यांनी डोळे मिटून मारामारी आठवली. "शिवी दिली होतीत?"

"नाही हो. स्वल्प लोणचं मागितलं."

"मग चपखल बसतंय." त्यांनी वाक्य लिहिलं आणि समाधानाने पुन्हा वाचलं.

तासगावकर वरमले. "अहो, नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ दे. टायपिस्टला एवढं सांगा, वाक्याला हात लावू नकोस म्हणावं."