सीडीतलं आवतण

"मल्हारी, तुझ्या सीडीनं दगा दिला रे!" द्वारकाबाईनं दार धडाधड वाजवलं. कालच तिच्या नातवाचं लग्न झालं होतं अन् आज घरी खंडोबाचं जागरण होतं.

मल्हारीनं नाइलाजानं दार उघडलं. तीस वर्षं पुसेगावात त्याच्याशिवाय जागरण झालं नव्हतं. वाघ्या होता तो. दिमडी वाजवून घरोघरी देवाला आवतण द्यायचा. मग त्याच्याच आवाजाची सीडी निघाली अन् त्याला बोलवायचं लोक विसरले. साथीला गाणारा कोंडीबा दोन वर्षांमागं वारला. घरात दुसरं माणूस नव्हतं. भोंग्यातून आपलाच आवाज आला की मल्हारीला भडभडून यायचं. तो दार लावून घ्यायचा.

"काय झालं, मावशी?"

"काय व्हायचं ऱ्हायलं? शेवटाला घरधन्याचं नाव घेऊन देवाला बोलावतात का न्हाई? आमी भंडारा घेऊन, हात जोडून बसलो. अन् तुझा कोंडीबा सीडीतून म्हणतो, देवा, मल्हारीच्या घरी ये! जागरण आमचं अन् देव तुझ्या घरी? हे बराबर हाय का?"

मल्हारी उंबऱ्यावरच बसला. हिंगोलीला पुनमचंदच्या दुकानात सीडी भरली, तो दिवस त्याला आठवला. शेवटाला कुणाचं तरी नाव घ्यायचं होतं, पण तिथं घरधनी कुठला? अन् वाघ्यानं स्वतःचं घर सांगू नये, अशी रीत. त्याचा घसा बसला, तो पाणी प्यायला बाहेर गेला. शेवट कोंडीबानं एकट्यानं गायला. "कुणाचं नाव घेतलंस?" असं विचारल्यावर लेकाचा नुसता हसला होता.

"मावशी, आजवर कुणी कसं बोललं न्हाई?"

"शेवटपर्यंत ऐकतंय कोण? समदे जेवायला पळतात. बाळापुरापासून कनेरगाव नाक्यापर्यंत जिथं लग्न तिथं तुझी सीडी!"

मल्हारीला रडू फुटलं. द्वारकाबाई जराशी वरमली.

"रडून काहून राहिला? ऊठ. आता आमच्या नावानं बोलव त्याला. लोक खोळंबलेत."

त्यानं डोळे पुसले. खुंटीवरची दिमडी काढली, धूळ झटकली अन् तिच्या मागं निघाला. चार पावलांवर द्वारकाबाईनं वळून पाहिलं.

"अरे, दार उघडंच ऱ्हायलं की!"

"राहू द्या, मावशी. इतके दिस मीच लावून घेत होतो."