चव्वेचाळीस माफ्या

"माफी नको भाऊ. हात जोडते, तुम्ही सगळे नुसते गप्प राहा," शलोमी म्हणाली.

पण गिरधरभाऊ पडला धुळ्याच्या ख्रिस्ती मंडळीतल्या तरुण संघाचा पुढारी. गप्प बसायची त्याला सवयच नव्हती.

"पाप चारचौघांत केलं ना? मग पश्चात्तापही चारचौघांत! काढा रे मोबाईल!"

पाप नाताळातलं. नाटकात शलोमी मरिया झाली होती. हातातला बाळ येशूचा बाहुला निसटला आणि त्याचं मुंडकं गडगडत पुठ्ठ्याच्या उंटापाशी गेलं. व्हिडिओ टाकला संघाच्याच पोरांनी. खाली कमेंट, 'हिच्या हाती लेकरू देऊ नका रे!' हसून हसून लोकांनी तो पार जामनेरपर्यंत फिरवला. चार महिन्यांनी आत्ता कुठे तो तळाला गेला होता. आणि उद्या सकाळी जळगावच्या एका दवाखान्यात शलोमीची मुलाखत होती. नर्सची जागा, नवजात बाळांच्या वॉर्डात.

चव्वेचाळीस जणांनी त्याच व्हिडिओखाली माफी मागितली. कुणी बायबलमधलं वचन टाकलं, कुणी रडके चेहरे. संघातल्या पुनाने तर कळसच केला. 'ताईला उद्या ही नोकरी मिळो, आमेन,' असं लिहून दवाखान्यालाच टॅग केलं.

"भाऊ, व्हिडिओ परत वर आला!" पुना ओरडला. "अकरा हजार! फैजपूरची एक बाई लिहिते, बरं झालं माफी मागितली, मी बघितलाच नव्हता!"

"पाहिलंस? प्रभूचं काम," गिरधरभाऊ म्हणाला.

"त्यापेक्षा तुम्ही पाप करत होता तेच बरं होतं," शलोमी दात आवळून म्हणाली.

"राग नको, बेटा. आता क्षमेचा व्हिडिओ करू. धुरपदाबाई, नातू आणा इकडे!"

शलोमी नको म्हणेपर्यंत दीड महिन्याचं बाळ तिच्या हातात आलंसुद्धा.

"नीट धर वं माय," म्हातारी पुटपुटली आणि बाळाखाली दोन्ही हात पसरून उभी राहिली.

चव्वेचाळीस मोबाईल वर झाले.

शलोमीचा तळवा आपोआप बाळाच्या मानेखाली गेला. बाळाने जांभई दिली, तिच्या खांद्यावर गाल टेकला आणि झोपून गेलं.

एकेक मोबाईल खाली आला.

"भाऊ, यात तर काहीच घडलं नाही," पुना म्हणाला. "हा टाकायचा का?"